शनिवारच्या दोन तासांचे पैसे नव्हेत

आयपीएलचा लिलाव सुरू झाला की सांगलीहून बाबांचा फोन ठरलेला. कोणाला किती मिळाले, कोणावर उगाच उधळले, सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो. मागच्या वेळी बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमच्या मेलबर्नमधल्या त्या लांबट चेंडूवाल्यांचा लिलाव कधी असतो गं? बोली कितीपर्यंत जाते?"

"इथे लिलावच नसतो, बाबा."

"मग पैसे ठरतात कसे?"

अर्धा तास बोलले तरी त्यांचं समाधान होईल असं सांगता आलं नाही. म्हणून हे नीट लिहून काढते आहे. इथे इतकी वर्षं राहून माझं एक मत पक्कं झालंय. या खेळाडूंच्या पगाराकडे लोक शनिवारच्या दोन-अडीच तासांची मजुरी म्हणून बघतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. क्लब त्या मुलाचे दोन तास विकत घेत नाही. त्याचं शरीर, त्याचं नाव आणि त्याचं चोवीस तासांचं वागणं, असं सगळं मिळून तो सौदा असतो.

आधी खेळ थोडक्यात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या बोलीत 'फुटी'. नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले, म्हणजे हा खेळ जगातल्या जुन्या लिखित नियमांच्या फुटबॉलपैकी एक. क्रिकेटच्याच गोल मैदानावर एका बाजूचे अठरा जण खेळतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत झेलता येतो, आणि ऑफसाइड नावाची भानगड नाही. सर्वोच्च स्पर्धा म्हणजे एएफएल, ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग. अठरा क्लब, त्यातले दहा एकट्या व्हिक्टोरिया राज्यातले. सप्टेंबरच्या शेवटी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर अंतिम सामना होतो, त्याला लाखभर माणसं येतात, आणि आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरियात चक्क सार्वजनिक सुट्टी असते.

आता पैसा. तो मुख्यतः येतो प्रक्षेपण हक्कांतून. २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे हक्क साडेचारशे कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले गेले. शिवाय तिकिटं, प्रायोजक, आणि क्लबांचे सदस्य. इथे बहुतेक क्लबांना मालक नसतो. शेठजी नाहीत, सिनेतारका नाहीत. दरवर्षी वर्गणी भरणारे हजारो सभासद हेच क्लबचे धनी. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सहकारी संस्थेसारखं. त्यामुळे खेळाडू चुकला की सभासदाला वाटतं, आपल्या घरातल्या पोराने नाव घालवलं. फुटीपटूकडून लोक इतकी अपेक्षा का ठेवतात, याचं निम्मं उत्तर मला या सभासदत्वात दिसतं.

पगार ठरतो तो तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे सॅलरी कॅप. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा याची मर्यादा लीग ठरवते. ही १९८७ साली आली तेव्हा क्लबमागे साडेबारा लाख डॉलर होती. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू ओढून नेऊ नयेत, हा हेतू. गंमत म्हणजे खालची मर्यादाही आहे. ठरलेल्या रकमेच्या निदान ९५ टक्के खर्च करावेच लागतात. गरीब क्लबलाही पोरांच्या पगारात काटकसर करून घर चालवता येत नाही.

दुसरी गोष्ट ड्राफ्ट. हीच बाबांना समजेना. वर्षअखेरीस अठराच्या आसपास वयाच्या मुलांची निवड होते. गेल्या हंगामात तळाला राहिलेला क्लब पहिला निवडतो, विजेता शेवटी. मुलाला विचारत कोणी नाही. पर्थचा मुलगा मेलबर्नच्या क्लबने निवडला, की त्याने सुमारे २,७०० किलोमीटर लांब यायचं. कालपर्यंत आईच्या हातचं जेवणारा पोरगा अनोळखी शहरात, बऱ्याचदा क्लबने शोधून दिलेल्या कुटुंबात राहायला येतो. पहिला करार दोन-तीन वर्षांचा. तेवढ्यात जम बसला नाही तर नाव यादीतून खाली. विशीत आल्या आल्या निवृत्त झालेली मुलं इथे दरवर्षी दिसतात. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

"म्हणजे बदलीच्या नोकरीसारखं," बाबा म्हणाले. बाबांची उभी हयात सरकारी नोकरीत गेली. तुलना अगदी बरोबर होती, फक्त पेन्शन सोडून.

तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूंची संघटना. १९७३ पासूनची, आणि ती खरोखरच कामगार संघटनेसारखी लीगशी सौदा करते. सप्टेंबर २०२३ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंचा पहिला एकत्रित करार झाला. पाच वर्षांत २२० कोटी डॉलर. त्यानुसार पुरुष खेळाडूची सरासरी कमाई २०२२ च्या ३ लाख ८७ हजार डॉलरवरून २०२७ पर्यंत ५ लाख १९ हजारांवर जायची आहे. आजच्या दराने तीन कोटी रुपयांच्या आसपास.

आकडा मोठा आहे, नाही कशाला म्हणू? पण सरासरी फसवी असते. वर दहा लाखांच्या पुढचे मोजके तारे, खाली नवखी मुलं. त्यांच्या पगाराचा एक भाग सामन्यागणिक मिळतो. संघात नाव लागलं नाही किंवा गुडघा गेला, की तेवढी कमाई बुडाली. एक लाख नव्वद हजारांच्या वरच्या प्रत्येक डॉलरवर ४५ टक्के प्राप्तिकर, वर २ टक्के मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचे. सरासरी पगारवाल्याच्या दर दहा डॉलरमधले चार सरकारजमा होतात. आणि हे उत्पन्न असतं तरी किती वर्षं? पंचविशीतला इंजिनिअर आपल्या कमाईच्या पायथ्याशी उभा असतो, फुटीपटू त्या वयात माथ्यावर असतो. नशीब आणि हाडं बळकट असली तर तिशी ओलांडायची. म्हणून संघटना मुलांच्या मागे लागते, काहीतरी शीक, सुतारकी शीक, पदवी घे, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वर्गात बस.

मोठा सौदा कसा असतो याचं नमुनेदार उदाहरण लान्स फ्रँकलिनचं. एकाच क्लबमध्ये पुरेशी वर्षं काढलेल्या खेळाडूला स्वतःचा पुढचा क्लब निवडता यावा, हा नियम २०१२ साली आला. २०१३ च्या अखेरीस फ्रँकलिन हॉथॉर्न क्लब सोडून सिडनी क्लबकडे गेला. नऊ वर्षं, एक कोटी डॉलर. लोकांनी डोक्याला हात लावला. सव्वीस वर्षांच्या माणसाला नऊ वर्षं? दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, ऐन बाद फेरीच्या तोंडावर, मानसिक आजारामुळे तो खेळातून बाजूला झाला. तेव्हा एक विशेष घडलं. "एवढे पैसे घेऊन हा घरी बसला" असा सूर अपेक्षित होता, पण क्लब त्याच्यामागे उभा राहिला आणि बहुतेक लोकांनी समजून घेतलं. तो परतला. मार्च २०२२ मध्ये त्याने हजारावा गोल केला तेव्हा सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हजारो माणसं कुंपण ओलांडून मैदानात धावली. तो करार महाग होता की स्वस्त, हे अजूनही चहावर वाद घालण्याजोगं आहे. माझ्या मते त्याने पै न् पै फेडली.

मर्यादा आली की पळवाट आलीच. ही सवय लीगहून फार लहान नाही. १९३० साली नियम होता की खेळाडूला सामन्याला तीन पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. हेडन बंटन नावाच्या तरुणाला फिट्झरॉय क्लबने गुपचूप २२२ पौंड देऊ केले, ते उघडकीला आलं, आणि त्याचा अख्खा हंगाम बाहेर गेला. पुढच्याच वर्षी त्याने स्पर्धेचं सर्वोच्च वैयक्तिक पदक जिंकलं. २००२ मध्ये कार्लटन क्लब मर्यादेबाहेर पैसे देताना सापडला. ९ लाख ३० हजार डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या आघाडीच्या निवडी गेल्या. तो क्लब पुढे कितीतरी वर्षं तळाशी रखडला. दंड भरून होतो, पण न मिळालेली अठरा वर्षांची मुलं परत मिळत नाहीत. २०१२ मध्ये ॲडलेड क्लबने कर्ट टिपेटशी लपवून केलेला समझोता बाहेर आला. त्यात क्लबला ३ लाखांचा दंड तर झालाच, पण खेळाडूलाही ५० हजारांचा दंड आणि अर्ध्या हंगामाची बंदी. माझ्या सहीखाली काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, हे इथे चालत नाही.

यावरूनच मैदानाबाहेरच्या जबाबदारीकडे येते. खेळाडूच्या करारात सामन्यांबरोबर बरंच काही असतं. शाळांना भेटी, प्रायोजकांचे कार्यक्रम, मुलांची शिबिरं. आणि सर्वांत वजनदार कलम म्हणजे, खेळाची अप्रतिष्ठा होईल असं वागायचं नाही. या एका वाक्यात पबमधली मारामारीही बसते आणि रात्री दोनला टाकलेली पोस्टही.

हे कलम किती बारीक विणीचं आहे ते छत्तीस डॉलरच्या प्रकरणात दिसतं. जेडन स्टीफनसन, कॉलिंगवूडचा तरुण खेळाडू, २०१८ चा सर्वोत्कृष्ट नवोदित. त्याने एएफएलच्या सामन्यांवर तीन पैजा लावल्या. सगळ्या मिळून ३६ डॉलर. दोघा माणसांचं साधं जेवणही इथे त्यात जेमतेम होतं. पण त्या पैजांमध्ये त्याचे स्वतःचे सामने होते. जून २०१९ मध्ये शिक्षा झाली. बावीस सामन्यांची बंदी, त्यातले बारा स्थगित, आणि २० हजार डॉलर दंड. त्याने आपण होऊन कबुली दिली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं.

शिक्षा योग्यच होती असं मला वाटतं. रकमेचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या पायात चेंडू आहे त्याने निकालावर पैसे लावले की प्रेक्षकाचा विश्वास गेला. पण त्याच लीगचा अधिकृत सट्टा भागीदार असतो, सामन्याच्या प्रक्षेपणात पैजांच्या जाहिराती येतात, माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांची घोषवाक्यं पाठ म्हणते. वीस वर्षांच्या पोराला निष्कलंक राहायला सांगताना लीगने आधी आपल्या तिजोरीकडे बघावं. जबाबदारी दोन्ही बाजूंची असते, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

एसेंडन क्लबची गोष्ट तर याहून जड. २०१२ मध्ये क्लबने खेळाडूंना पूरक औषधांच्या नावाखाली इंजेक्शनं देण्याचा कार्यक्रम चालवला. २०१३ मध्ये क्लबला वीस लाख डॉलर दंड झाला, बाद फेरीतून हकालपट्टी झाली, प्रशिक्षक वर्षभरासाठी निलंबित. खेळाडूंना वाटलं, आपण सुटलो. क्लबच्या माणसांनी दिलं ते घेतलं, त्यात आपला काय दोष? पण जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवलं. त्यातले जे अजून खेळत होते त्यांचं अख्खं वर्ष गेलं. कर्णधार जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो पदक, म्हणजे स्पर्धेचं सर्वोच्च वैयक्तिक पदक, तेही गेलं. उत्तेजकविरोधी नियम साधा आणि निष्ठुर आहे, तुमच्या शरीरात काय जातं त्याला तुम्हीच जबाबदार. नियम म्हणून तो मला पटतो. पण क्लबच्या डॉक्टरी खोलीत, जिथे कराराचं नूतनीकरण करणारेच समोर उभे असतात, तिथे नवख्या मुलाने "सुई नको" म्हणायची हिंमत कुठून आणावी? याचं सरळ उत्तर आजवर मला कोणी दिलेलं नाही.

ब्राउनलो पदकाचा उल्लेख आलाच आहे, तर एक सांगण्यासारखं आहे. १९२४ पासूनचं हे पदक 'सर्वांत नेक आणि सर्वोत्तम' खेळाडूला मिळतं. नेक आधी, सर्वोत्तम नंतर. मतं देतात पंच, आणि त्या हंगामात बंदी झालेला खेळाडू अपात्र. १९९७ मध्ये क्रिस ग्रँटला सगळ्यांत जास्त मतं होती, २७. पण एका सामन्याच्या निलंबनामुळे पदक गेलं २६ मतंवाल्या रॉबर्ट हार्वीला. फुटस्क्रे या ग्रँटच्या क्लबच्या भागात जुनी माणसं आजही हे हळहळून सांगतात.

स्त्रियांवरील हिंसा हा वेगळा आणि गंभीर भाग. २००५ मध्ये लीगने यासाठी 'आदर आणि जबाबदारी' नावाचं धोरण आणलं, खेळाडूंना प्रशिक्षण सुरू केलं. कागद चांगला आहे. पण आजही अशा बातम्या येतात, आणि गोल करणाऱ्याला लवकर माफी मिळते असं वाटायला लावणारे निर्णयही होतात. इथे मला वय, दडपण, तरुण रक्त यातलं कुठलंच कारण ऐकायचं नसतं.

महिलांच्या स्पर्धेचंही इथेच सांगते. ती २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या सामन्याला २४,५६८ प्रेक्षक आत शिरले आणि दरवाजे बंद करावे लागले. त्या हंगामात बहुसंख्य मुलींना मिळाले ८,५०० डॉलर. सकाळी शाळेत शिकवायचं, रुग्णालयात ड्युटी करायची, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव. नव्या करारात सरासरी २०२७ पर्यंत ८२ हजारांवर जाईल आणि करार बारमाही झाले आहेत. आचारसंहिता मात्र पहिल्या दिवसापासून पुरुषांइतकीच. जबाबदारी पूर्ण, पगार चतकोर.

आणि जबाबदारी म्हणजे फक्त 'काय करू नये' एवढंच नसतं. १७ एप्रिल १९९३ ला कॉलिंगवूडच्या मैदानावर सामनाभर वांशिक शिव्या खाल्ल्यावर निकी विनमार या मूलनिवासी खेळाडूने प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर केली आणि स्वतःच्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. ते छायाचित्र आज इथल्या इतिहासाचा भाग आहे. ॲडम गुड्स, हाही मूलनिवासी, दोन ब्राउनलो पदकांचा मानकरी, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर', वंशद्वेषाविरुद्ध स्पष्ट बोलला. त्याचं फळ म्हणून २०१५ मध्ये मैदानामागून मैदानात त्याची हुर्यो उडवली गेली, आणि त्याच वर्षी तो खेळ सोडून निघून गेला. लीगने आणि क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. खेळाडूने आदर्श व्हावं म्हणणाऱ्यांनी, तो खरोखर आदर्श झाला तेव्हा काय केलं, हे विसरता येत नाही.

मुलीच्या शनिवारच्या शिबिरात एकदा क्लबकडून दोन मुलं आली होती. करारातला भेटीचा तास भरायला. एकाचं वय एकोणीस, घर पर्थच्या बाजूला. तास संपला, दुसरा गाडीकडे गेला, हा मात्र गुडघ्यांवर बसून एका लहानग्याच्या बुटाची नाडी बांधत राहिला. मैदानाच्या कडेला पालक पावात सॉसेज घालून विकत होते, शाळेसाठी निधी म्हणून. मी त्याला एक देऊ केला. त्याने हातात घेतला, वास घेतला आणि माझ्या मुलीला देऊन टाकला. म्हणाला, सोमवारी चरबी मोजणार आहेत. पोट, मांडी, दंड, चिमट्यात धरून, मिलिमीटरमध्ये. ताटातला घासही पगाराच्या हिशेबात असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यांत मोठा हिशेब डोक्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ बाद फेरीच्या सामन्यात धडकेने बेशुद्ध पडला. त्याच्या डोक्याला आधीही अनेकदा मार लागलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने तो निवृत्त झाला. करार २०२८ पर्यंतचा होता. डोक्याला मार लागल्यावर निदान बारा दिवस खेळायचं नाही, हा नियम आता आहे. माजी खेळाडूंनी नुकसानभरपाईसाठी लीगला कोर्टात खेचलंय. निधन झालेल्या काही खेळाडूंच्या मेंदूत वारंवारच्या माराने होणारा आजार सापडला, त्यात हेदर अँडरसन ही महिला खेळाडूही होती. पाच लाख डॉलर जास्त की कमी, हा प्रश्न या ओळी वाचल्यावर मला तरी घाईने सोडवता येत नाही.

हे सगळं बाबांना पुढच्या रविवारी फोनवर वाचून दाखवलं. आकडे त्यांनी मध्येच थांबवून रुपयांत करून घेतले. कार्लटनच्या दंडावर "बरं झालं" म्हणाले. शेवटी थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"तो सॉसेज न खाणारा पोरगा. त्याच्या आईला तो कधी भेटतो?"

म्हटलं, "मार्च ते सप्टेंबर हंगाम असतो. नोव्हेंबरात परत सराव. मधे ऑक्टोबरात सुट्टी."

"म्हणजे दिवाळीला," बाबा म्हणाले.